डिस्क भरली? आधी डीएफ, मग डीयू

समजा, बडोद्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या फोटो स्टुडिओचा लिनक्स सर्व्हर आहे. विसर्जन मिरवणुकीचे व्हिडिओ कॉपी होताना मध्येच 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतं. लगेच फाइली उडवू नका, जागा कुठे गेली ते आधी बघा. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं, सगळी स्मॉल.)

सुरुवात डीएफ -एच पासून. प्रत्येक फाइलसिस्टिमची एकूण, वापरलेली आणि मोकळी जागा दिसते. टीएमपीएफएसच्या ओळी मेमरीतल्या असतात, -एक्स टीएमपीएफएस जोडून त्या वगळा. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी किंवा त्याहून कमी दिसली तर ती खराब नाही: विकणारे १०००च्या पटीत मोजतात, -एच १०२४च्या. शिवाय ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) सहसा ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिन खात्यासाठी, राखते, म्हणून वापरलेली अधिक मोकळी ही बेरीज एकूणाशी जुळत नाही.

जागा शिल्लक असूनही एरर येत असेल तर डीएफ -आय चालवा. लाखो बारीक थंबनेल साठले की आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एकेक नोंद) आधी संपतात.

आता डीयूने, म्हणजे फोल्डरनिहाय जागा मोजणाऱ्या कमांडने, दोषी फोल्डर शोधा (सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने):

सुडो डीयू -एक्सएचडी१ / | सॉर्ट -एच

तळाशी / ची एकूण बेरीज येते, तिच्या लगेच वर सर्वात मोठं फोल्डर. मग / च्या जागी त्याचा पत्ता देऊन एकेक पायरी खाली उतरा. इथला -एक्स वेगळा आहे, डीएफमधल्यासारखा प्रकार वगळत नाही, तर दुसऱ्या डिस्कमध्ये शिरू देत नाही. तो विसरलात तर बॅकअपची डिस्कही मोजली जाते. सुडो नसेल तर बंद फोल्डरं मोजलीच जात नाहीत.

खरी पंचाईत पुढे असते. डीएफ म्हणतं ९० जीबी भरले, डीयूची बेरीज ४० च्या आसपास. बहुतेक वेळा कुणीतरी मोठा लॉग (प्रोग्रामच्या नोंदींची फाइल) आरएम या डिलीट कमांडने उडवलेला असतो, पण प्रोग्रामने तो अजून उघडाच धरलेला असतो. नाव गेलं, जागा अडलेलीच. सुडो एलएसओएफ +एल१ (हा एल मात्र कॅपिटल) अशा फाइली आणि त्या धरून बसलेला प्रोग्राम दाखवतं. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा तत्काळ सुटते. यापुढे चालू लॉग उडवण्याऐवजी ट्रंकेट -एस ० ने रिकामा करा.

तिथेही काही सापडलं नाही, तर बॅकअपची डिस्क माउंट नसताना (म्हणजे तिच्या फोल्डरला जोडलेली नसताना) बॅकअप चालला होता का, ते बघा. तो माल मुख्य डिस्कवर उतरतो आणि नंतर डिस्क माउंट झाली की तिच्याखाली झाकला जातो. बॅकअप थांबवून डिस्क अनमाउंट करा, मग ते फोल्डर उघडा.