डबा उघडला की आधी वास घ्या

इंदूरच्या खजुरी बाजारातल्या एका कबाड्याकडे मला दोन गंजके डबे मिळाले. आत ‘टेरर बाय नाइट’ची १६ मिमी प्रिंट, म्हणजे प्रोजेक्टरवर चालवायची, १६ मिलिमीटर रुंद फिल्मवरची प्रत! बॅसिल रॅथबोनने रंगवलेला गुप्तहेर शेरलॉक होम्स, लंडनहून एडिंबराला निघालेली रातगाडी आणि हिऱ्याची चोरी. १९४६ चा सिनेमा. अमेरिकेत त्याचे हक्क संपले, त्यामुळे प्रतींवरून प्रती निघाल्या. म्हणूनच अशी प्रिंट पारखूनच घ्यावी.

झाकण काढलं की नाक जवळ न्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म सडायला लागली आहे. तरी मोह आवरला नाही तर तिला वेगळ्या खोलीत ठेवा, कारण तिची आम्लाची वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते. मी एकदा सगळी रिळं एकाच कपाटात कोंबली आणि दोन पावसाळ्यांत तीन हातची गेली. अजून हळहळ वाटते.

मग लांबी मोजा. बोलपटाला मिनिटाला ३६ फूट फिल्म लागते. हा सिनेमा साठ मिनिटांचा, म्हणजे सुमारे २१६० फूट हवी. माझी २१०० भरली, म्हणजे साठेक फूट कुठेतरी गेले.

आता भिंग घ्या आणि सावकाश काठ वाचा. कोडॅकच्या जुन्या फिल्मवर ती कोणत्या वर्षी बनली ते सांगणाऱ्या गोल, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा असतात. एकटा चौकोन म्हणजे १९३७, १९५७ किंवा १९७७. खुणा दर वीस वर्षांनी फिरून येत. काळी खूण फिल्मची स्वतःची, पांढरी असेल तर निगेटिव्हवरून उतरलेली. माझ्या प्रिंटवर एकच काळा चौकोन होता. १९३७ मध्ये हा सिनेमाच नव्हता. राहिली दोन वर्षं. फिल्म तिरप्या उजेडात धरली: चित्रात ओरखडे दिसतात, पण पृष्ठभाग गुळगुळीत, नखाला काहीच लागत नाही. म्हणजे ओरखडे आधीच्या, वापरून झिजलेल्या प्रतीवरचे, छापून आलेले. तेव्हा माझा कौल १९७७ ला. होम्ससारखं एकेक शक्यता खोडत जाण्यातला हा आनंद मला सिनेमाइतकाच प्रिय आहे.

प्रोजेक्टरवर चढवण्याआधी सुती हातमोजे घालून, हाताने फिरवत प्रत्येक जोड तपासा. सुटलेला जोड पुन्हा चिकटवा. काठावरची फाटकी भोकं तशीच चालवू नका.

रविवारी रामबागेतल्या घरी पांढऱ्या चादरीवर सिनेमा लावला. दुसऱ्या रिळात एका जोडापाशी गाडीची शिट्टी अर्ध्यातच तुटते. तिथे गेलेल्या फुटांचा तुकडा कुठे सापडला तर मला हवा आहे.