पाकीट आधी उघडा, नमुना मग शोधा

बाळासाठी पहिल्यांदा क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेलं पांघरूण, शिवणाऱ्या बहुतेकींचा क्रम ठरलेला असतो. आधी नमुन्याचा फोटो मनात भरतो, मग त्यासाठी चार्म पॅक, म्हणजे ५ इंची आयत्या चौकोनांची गड्डी, मागवली जाते. गड्डी येते, चौकोन एकापेक्षा एक गोड असतात, शिवणही सरळ होते, आणि सगळं जोडून झाल्यावर नमुना दिसतच नाही. फोटोतले तारे कुठे गेले ते कळत नाही. माझं पहिलं क्विल्ट असंच झालं. शिवणीत काही खोट नव्हती, म्हणून तर जास्त लागलं. ज्यांना मशीनवर सरळ टीप मारता येते, ज्यांच्याकडे रोटरी कटर (गोल पात्याची कापणी) आणि त्याखाली घालायची मॅट आहे, पण नमुना निवडताना गोंधळ होतोय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

इथे अमेरिकेत कुणाकडे बाळ येणार म्हटलं की क्विल्ट द्यायची रीत जुनी आहे. आपल्यालाही ती परकी वाटत नाही, कारण दुपटी आणि गोधड्या आपण जन्मापासून पांघरल्या आहेत. पण एक फरक लक्षात घ्या. गोधडी शिवणारी बाई आधी घरातली जुनी लुगडी, धोतरं, परकर समोर पसरते आणि हातात काय आहे ते बघून बेत ठरवते. आयत्या चौकोनांच्या बाबतीत आपण हीच सवय विसरतो. माझं सांगणं एवढंच आहे की पाकीट आधी उघडा, चौकोन पलंगावर पसरा आणि मगच नमुना शोधा.

आकाराचा हिशेब आधी उरकून घेऊ. एका चार्म पॅकमध्ये साधारण ४२ चौकोन असतात. काही कंपन्या कमी-जास्त देतात, वेष्टनावर आकडा लिहिलेला असतो. ५ इंचाच्या चौकोनातून प्रत्येक बाजूला पाव इंच शिवणीच्या मायेत गेलं की साडेचार इंच उरतात. म्हणून ४२ चौकोन ६ × ७ असे लावले तर २७ × ३१.५ इंच भरतात. तान्ह्या बाळाला मांडीवर घ्यायला हे पुरतं, जमिनीवर अंथरायला तोकडं पडतं. पालथं पडायला लागलेलं मूल बघता बघता त्याच्याबाहेर जातं. दोन पॅक घेतले तर ८ × १० मध्ये ३६ × ४५ इंच होतात आणि ४ चौकोन हाताशी शिल्लक राहतात. माझ्या मते हाच सगळ्यात उपयोगी आकार. इथल्या सुती कापडाचा पन्हा ४२ ते ४४ इंच असतो, त्यामुळे ३६ इंच रुंदीला दोन्हीकडून दोन-दोन इंच जास्त धरले तरी अस्तर जोड न देता एकाच पन्ह्यात बसतं, दीड यार्डात काम होतं. चौरस हवा म्हणून ९ × ९ करायचा मोह होतो. तो ४०.५ इंचांचा होतो आणि अस्तर नेमकं काठाशी कमी पडतं.

भारतात राहून शिवणार असाल तर आयत्या गड्डीसाठी अडून राहू नका. ४४ इंच पन्ह्याच्या १ मीटर कापडातून ५ इंचांचे ५६ चौकोन निघतात. सात-आठ तऱ्हांचं पाव-पाव मीटर सुती कापड घेतलं तरी पुरेसं वैविध्य मिळतं, आणि गडद-फिकं तुमच्या हातात राहतं.

कारण सगळं अडतं ते या गडद-फिक्यापाशी. नमुना डोळ्यांना दिसतो तो गडद आणि फिक्या कापडातल्या फरकामुळे. रंग वेगवेगळे असले की झालं असं आपल्याला वाटतं, दुकानातही सांगतात की एका कलेक्शनमधलं सगळं एकमेकांशी जुळतंच. जुळतं, अगदी खरं आहे, आणि तिथेच घात होतो. बाळासाठीच्या कलेक्शनमध्ये फिका गुलाबी, पिस्ता, आकाशी, लोण्याचा पिवळा, फिकट राखाडी असे रंग येतात. पाच रंग आहेत, पण पाचही जवळपास एकाच खोलीचे, म्हणजे सारखेच फिके. त्यातून चांदणीचा ब्लॉक, म्हणजे नमुन्याचा एक चौकोनी घटक, शिवला तर चांदणीचे कोन आणि मागची जमीन एकमेकांत विरघळतात. पांढरी रांगोळी पांढऱ्या फरशीवर काढावी तसं होतं. काढणारीला ती दिसत असते, बाकी कुणाला नाही.

नमुन्याचा फोटो नीट बघा. चांदण्या, भिरभिरी, उडत्या पक्ष्यांच्या रांगा जिथे ठसठशीत दिसतात, तिथे एका बाजूला जवळजवळ पांढरं कापड असतं आणि दुसऱ्या बाजूला गडद. नमुना काढणारीने तो फरक ठरवून ठेवलेला असतो. तुमच्या पॅकमध्ये तो आहे की नाही हे नमुना सांगत नाही. पाकिटावरचा फोटोही सांगत नाही, कारण तिथे गड्डीची फक्त कड दिसते.

मी आता नेहमी एक परीक्षा करते, ती तुम्हीही करा. सगळे चौकोन दिवसाच्या उजेडात एकमेकांना चिकटून पसरा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. आता रंग गेले, फक्त खोली उरली. काही गोष्टी बघून आश्चर्य वाटेल. लाल आणि हिरवा, जे एरवी एकमेकांच्या अगदी विरुद्ध वाटतात, ते बऱ्याचदा सारखेच राखाडी दिसतात. कितीही भडक असला तरी पिवळा फिक्यात जातो. पांढऱ्यावर बारीक निळी फुलं असलेला चौकोन जवळून निळा वाटतो, फोटोत मात्र जवळजवळ पांढराच असतो. या फोटोवरून तीन गठ्ठे करा: फिका, मधला, गडद. कुठला चौकोन कुठे टाकावा असा प्रश्न पडला तर तो मधल्यात टाका आणि पुढे चला.

गठ्ठे झाले की नमुना जवळपास आपोआप ठरतो. फिका आणि गडद दोन्ही गठ्ठे भरगच्च असतील तर तुम्ही नशीबवान आहात. त्रिकोणांचे नमुने, चांदण्या, भिरभिरी सगळं खुलं आहे. पण बाळाच्या पॅकमध्ये बहुधा मधला गठ्ठा फुगलेला असतो आणि गडद गठ्ठ्यात चार-पाच चौकोन असतात. अशा वेळी निराश होऊ नका. त्या पॅकने चांगलं क्विल्ट होतं, फक्त चांदणी होत नाही. सरळ चौकोनांची मांडणी करा आणि रंग तिरक्या ओळींनी वाहू द्या, एका कोपऱ्यात आकाशी, मग पिस्ता, मग पिवळा, मग गुलाबी. जवळच्या खोलीचे रंग शेजारी बसले की जी मऊ झाक येते ती गडद कापडाने कधीच येत नाही.

त्रिकोणच हवे असतील तर बाहेरून एक साधं कापड आणा. एका पॅकला ४२ साधे चौकोन लागतात, म्हणजे ४२ इंच पन्ह्याच्या ५ इंची ६ पट्ट्या, १ यार्डात सहज निघतात. एक छापील आणि एक साधा चौकोन समोरासमोर ठेवायचा, कर्णरेषा आखायची, तिच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारायची आणि रेषेवर कापायचं. दोन तुकडे मिळतात, ते नीट छाटून साडेचार इंचाचे करायचे. शिवल्यावर ते ४ इंच भरतात. ४२ जोड्यांचे ८४ तुकडे होतात, ८ × १० लावले की ३२ × ४० इंच. म्हणजे एकाच पॅकमध्ये क्विल्ट! साध्या कापडाचा रंग निवडताना पुन्हा तोच काळा-पांढरा फोटो काढा. मधल्या खोलीच्या पॅकला क्रीमपेक्षा स्वच्छ पांढरा किंवा थेट गडद निळा चांगला साथ देतो. एक जपा. कर्णावर कापलं की ती बाजू उरेब (विणीला तिरकी) होते आणि इस्त्री घासली की ताणली जाते. इस्त्री वरून दाबायची आणि उचलायची, फिरवायची नाही, वाफही नको.

नऊ चौकोनांचा ब्लॉक शिवून तो मधोमध उभा-आडवा कापायचा आणि तुकडे फिरवून पुन्हा जोडायचे, हा नमुनाही नवख्यांना खूप आवडतो, मलाही आवडतो. ३ × ३ जोडल्यावर ब्लॉक १४ इंच भरतो, कापल्यावर ७ इंचांचे चार तुकडे होतात. फक्त आधी हे समजून घ्या की कोपऱ्यातले चार चौकोन अखंड राहतात, बाजूंच्या मधल्या चौकोनांच्या पट्ट्या होतात आणि अगदी मधल्याचे चार छोटे चौकोन होतात. म्हणून ते चार-पाच गडद चौकोन मध्यभागी ठेवा. इतक्या थोड्या गडद कापडात एवढं उठावदार काम दुसऱ्या कुठल्या नमुन्यात होत नाही. आवडते हत्ती-ससे कोपऱ्यांत ठेवा, नाहीतर कटर त्यांच्या तोंडावरूनच फिरेल.

प्राण्यांच्या छापाबद्दल अजून थोडं. ज्या छापाला वर-खाली आहे तो त्रिकोणात गेला की काही जिराफ आडवे आणि काही उलटे होतात. कुणी म्हणतं की चालतं, बाळाला काय कळतंय. मला चालत नाही. असे चौकोन आधीच वेगळे काढून मोजा. १० पेक्षा जास्त निघाले तर अखंड चौकोनांचाच नमुना घ्या.

पॅकच्या कडा दातेरी कापलेल्या असतात. ५ इंच दात्याच्या टोकापर्यंत धरायचे की खाचेपर्यंत, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, म्हणून एक चौकोन मोजून बघा आणि शेवटपर्यंत तेच माप धरा. मग तीन चौकोन एका रांगेत शिवा. पट्टी बरोबर १४ इंच भरली तर पुढे जा. भरली नाही तर आत्ताच मशीनची सुई किंवा खूण सरकवा. एका टिपेत दोन्हीकडून इंचाचा सोळावा भाग जास्त गेला तरी आठ चौकोनांच्या रांगेत पाऊण इंचाहून जास्त फरक पडतो आणि रांगा एकमेकींना बसत नाहीत. पॅक आधी धुऊ मात्र नका. चौकोन आक्रसतात, दोरे निघतात आणि माप हातचं जातं.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. प्रत्येक ब्लॉकसाठी वेगळी पट्टी विकत घ्यायला लावणाऱ्या वर्गात जाऊ नका. ६ × २४ इंचाची एक पट्टी आणि त्रिकोण छाटायला एक छोटी चौकोनी पट्टी एवढ्यावर वर लिहिलेलं सगळं होतं. जी बाई तुमचे चौकोन पसरून बघितल्याशिवाय नमुना सुचवते, तिचा सल्ला ऐकून घ्या आणि बाजूला ठेवा. गावातल्या गिल्डमध्ये, म्हणजे क्विल्ट शिवणाऱ्यांच्या मंडळात, जी म्हातारी बाई गप्प बसून तुमचे दोन चौकोन उचलून अदलाबदल करते, तिच्या शेजारची खुर्ची पकडा. काम लवकर उरकायच्या वाटांपैकी धागा न तोडता जोड्या एकामागून एक शिवत जायची युक्ती उत्तम आहे, जरूर वापरा. कापड कापून, क्रमांक घालून येणारे किट मात्र पहिल्या वेळी घेऊ नका. त्यात निवड दुसऱ्याने केलेली असते, आणि शिकायची असते ती निवडच.

बाळाच्या बाबतीत एक गोष्ट मी कठोरपणे सांगते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स सांगते की झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या पाळण्यात सुटं पांघरूण, उशी, मऊ वस्तू नकोत, क्विल्टही नको. भेट देताना आईला हे स्पष्ट सांगा. क्विल्ट जमिनीवर अंथरायला, कुणाची नजर असताना खेळायला, पुढे मोठं झाल्यावर पांघरायला. आभले, मणी, बटणं, लोंबणारी रिबीन यांतलं काही लावू नका. आपल्या हाताला ते लावायची सवय असते, इथे ती आवरा.

घरात आजीची मऊ सुती साडी असेल तर ती अस्तराला वापरा, अखंड. चौकोन कापून नव्या कापडाशी जोडू नका. जुनं सूत शिवणीपाशी फाटतं. दोन टिपांमध्ये किती अंतर चालेल ते बॅटिंगच्या, म्हणजे आत घालायच्या थराच्या, पाकिटावर दिलेलं असतं, तेवढंच ठेवा, नाहीतर धुण्यात आतला कापूस गोळा होतो. गोटासाठी तो गडद गठ्ठा आठवा. सगळं क्विल्ट फिकं असेल तर अडीच इंची गडद पट्टीचा दुहेरी गोट त्याला चौकट देतो.

बारशाला द्यायच्या आधी एकदा थंड पाण्यात धुवा. लाल किंवा गडद निळं कापड असेल तर सोबत रंग शोषणारा कागद टाका आणि मशीन थांबल्या थांबल्या बाहेर काढा, ओलं पडून राहिलं की रंग शेजारच्या चौकोनात उतरतो. सुती बॅटिंग थोडं आटतं आणि सगळीकडे बारीक चुण्या येतात. त्या इस्त्रीने घालवू नका, जुळवताना राहिलेले कोपऱ्यांचे छोटे फरक त्यांत दिसेनासे होतात.