अंगणातल्या बिननावाच्या झाडाचं काय करायचं

नर्सरीवाल्यानं "पिवळी फुलं येतात" एवढंच सांगून दिलेलं नाहीतर पाहुण्यांकडून फांदी आणून लावलेलं एखादं झाड असतंच, मस्त फुलायलंय पण नाव कुणालाच सांगता येईना. मग आपण फुलाचा फोटो काढून गुगल लेन्सला विचारतो अन् ते दरवेळी वेगळंच सांगतं. फुलावर जाऊच नका. घंटीसारखी पिवळी फुलं बिट्टीलाही येतात अन् टेकोमालाही.

एक पान मोडून बघा. पांढरा चीक आला, पानं लांबट-अरुंद अन् सुटी सुटी, फळ हिरवं टणक, तर बिट्टी. चीक नाही, एकाच देठावर करवतीसारख्या कडांची पाच-सात पानं अन् लांब बारीक शेंगा, तर टेकोमा. फांदीच्या पेराजवळ एकाच जागेवरून चोहोबाजूंनी तीन-तीन पानं निघालेली असली की कण्हेर. बिट्टी अन् कण्हेर दोन्ही विषारी आहेत, बी तर थेट हृदयावर परिणाम करते, म्हणून चीक लागला की हात धुवा अन् बारकी लेकरं असतील तर फळं खाली पडू देऊ नका.

नाव पक्कं होईपर्यंत वरून वेगळं खत घालू नका, नुसतं ऊन अन् बेताचं पाणी. या तिन्हींना कडक ऊन चालतं, आपल्याकडचं मे महिन्यातलं सुद्धा, मरतात ती जास्त पाण्यानं. कुंडीत नुसती काळी माती भरली की ती पाणी धरून बसते अन् मुळ्या सडतात, त्यामुळं काळी माती, मुरूम नाहीतर वाळू अन् कुजलेलं शेणखत सारख्याच भागात घ्या. बोट दोन पेरं आत घालून बघा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. टेकोमाला नव्या फुटीवरच फुलं येतात, म्हणून थंडी सरता सरता छाटा अन् शेंगा धरू देऊ नका.

आता मराठवाड्यातलं खास दुखणं. पान पिवळं पडतं पण शिरा हिरव्याच राहतात, लोक म्हणतात पाणी कमी पडलं अन् अजून ओततात. ते बहुतेक वेळा लोह कमी पडल्याचं असतं, आपली चुनखडीची जमीन अन् बोअरचं जड पाणी असलं की लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कृषी केंद्रात हिराकस (फेरस सल्फेट, यात लोह असतं) मिळतं, लिटरला 5 ग्रॅम टाकून संध्याकाळी पानांवर फवारा. मातीत टाकून फार उपयोग नाही, चुनखडीत ते अडकूनच बसतं. फरशीवर पडलं तर गंजाचे डाग निघता निघत नाहीत, कुंडी मातीवर नेऊनच फवारा.