नोव्हेंबरातला लेख, जानेवारीतले वाचक

मी उद्यमनगरात एका फाउंड्रीत हिशेब लिहितो आणि रात्री जेवणं उरकली की कोल्हापूरवर मराठी ब्लॉग लिहितो. नव्यानं ब्लॉग सुरू केलेली पोरं भेटली की एकच विचारतात, "किती दिवसांत चालायला लागतो?" त्यांना मी माझ्या किरणोत्सवाच्या लेखाची गोष्ट सांगतो.

पहिल्या वर्षी ११ नोव्हेंबरला अंबाबाईच्या देवळात गर्दीत उभा होतो. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत शिरतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात जातात. ९ तारखेला देवीच्या पायांवर, १० ला छातीपर्यंत, ११ ला मुखावर, असा किरणोत्सवाचा क्रम. भारावून घरी आलो, रात्री एकपर्यंत लिहिलं, सकाळी प्रकाशित केलं. दिवसभर आकडा बघत होतो. संध्याकाळी अकरा व्ह्यू. त्यातले सात माझेच, कारण स्वतःच्या भेटी मोजू नकोस असं ब्लॉगरला (माझा ब्लॉग गूगलच्या ज्या सेवेवर आहे तिला) सांगायची सोय असते हे मला माहीतच नव्हतं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर मित्र म्हणाला, "वरातीमागनं घोडं आणलंस की भावा!"

ते खरंच होतं. नव्या साइटवरचं पान गूगलच्या नोंदीत यायलाच काही दिवस, कधी काही आठवडे जातात. लेख चांगला की वाईट हे ठरायच्या आधी तो आहे हे तरी कळायला हवं ना! मी साइटमॅपसुद्धा (साइटवरच्या पानांची गूगलसाठीची यादी) दिला नव्हता. डिसेंबरात सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन, जोडलं, साइटमॅप टाकला आणि पहिल्यांदा कळलं की आकडे दोन असतात. शोधात आपलं पान किती वेळा दिसलं तो एक, आणि किती जणांनी उघडलं तो दुसरा. सुरुवातीला दुसरा शून्यच असतो, त्याच्याकडे बघून जीव जाळायचा नाही. पहिला हळूहळू हलतो. पान सरासरी चाळिसाव्या क्रमांकावर असेल तर उघडणार कोण? पण चाळिसावरनं तिसावर आलं तर काम चाललंय.

तिथंच लोक काय टाइप करून येतात तेही दिसलं. वेळ काय, कुठल्या दारानं आत जायचं, आज किरणं पोचली का. आणि माझ्या लेखाचे पहिले तीन परिच्छेद? माझे डोळे कसे पाणावले यावर. (पुढं मलाच ते वाचवेनात.) ते काढले. तारखा आणि क्रम वर आणला, ढग किंवा धुरकं असलं तर किरणं मध्येच अडतात हेही घातलं. किरणोत्सव वर्षातनं दोनदा होतो. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी हा दुसरा. ३० जानेवारीच्या संध्याकाळपासनं वाचक यायला लागले. हजारो नव्हेत, पण आधीच्या अडीच महिन्यांत मिळून आले नव्हते तेवढे त्या चार दिवसांत आले. लेख तोच होता, नोव्हेंबरातलाच.

तेव्हापासनं महिन्यातला एक रविवार मी जुन्या लेखांना देतो. नवं काही लिहीत नाही. "रोज एक लेख टाका" हा सल्ला मला तरी पटत नाही. नोकरी करणारा माणूस तीन आठवड्यांत थकतो आणि चौथ्यात सोडून देतो. मी आठवड्याला एक लिहितो. मार्चअखेरीला हिशेबाच्या रगाड्यात तेही जमत नाही, महिनाभर काही जात नाही. काही बिघडत नाही, फक्त एप्रिलात परत बसायला लागतं. अवघड ते आहे.

पैशाचंही सांगतो, कारण आई पहिल्या महिन्यापासनं विचारायची, "काय मिळतंय का रे त्यातनं?" ॲडसेन्सची, म्हणजे गूगल ब्लॉगवर दाखवतं त्या जाहिरातींची, कमाई १० डॉलर झाली की पत्ता पडताळायला पोस्टानं पिन येतो, आणि १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. पिनचं पाकीट आलं तेव्हा आईला वाटलं, कसली तरी नोटीस आली. कट्ट्यावरचे म्हणाले, "आम्ही सगळी रोज जाहिरातींवर क्लिक करतो की, नाद खुळा!" हातापाया पडून थांबवलं. असले क्लिक गूगल पकडतं, खातंच बंद होऊ शकतं. पिन ते पहिले पैसे यात माझं एक वर्षाहून जास्त गेलं. त्या काळात या पैशावर हप्ता धरला असता तर ब्लॉग कधीच बंद पडला असता.

गेल्या वर्षी किरणोत्सवाचा लेख ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच झाडून-पुसून ठेवला. ९ नोव्हेंबरला नेमके ढग. देवळातनं बाहेर पडून महाद्वार रोडवर चहा घेता घेता मोबाइलवरनंच लेखाच्या वर एक ओळ घातली, "आज ढगांमुळं किरणं पोचली नाहीत, उद्या बघू." घरी पोचेपर्यंत सव्वाशे जणांनी वाचली होती.