महापालिका सर्वांची व्हावी असं वाटतं? मग या चुका टाळा

महाराष्ट्रातल्या महापालिकांत 50 टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत. दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखून ठेवायचा शासनादेश आहे, फेरीवाल्यांसाठी 2014 चा स्वतंत्र कायदा आहे. तरतुदींची वानवा नाही. घोडं अडतं ते अंमलबजावणीत.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक रॅम्पची. वॉर्ड ऑफिसच्या तीन पायऱ्या म्हणजे साधारण 45 सेंटीमीटर उंची. 1:12 चा उतार (म्हणजे 1 मीटर उंचीसाठी 12 मीटर लांबी) धरला तर रॅम्प किमान 5.4 मीटर लांब हवा. जागा नाही म्हणून दोन मीटरांत उरकलेल्या रॅम्पवर व्हीलचेअर एकट्याने चढवता येत नाही आणि उतरताना जीव मुठीत धरावा लागतो. जागा कमी असेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन रॅम्प वळवा, दोन्ही बाजूंना कठडा लावा. ठेकेदाराचं बिल काढण्याआधी व्हीलचेअर वापरणाऱ्या नागरिकाकडून तो तपासून घ्या. रॅम्पच्या तोंडाशी दुचाक्या लागणार नाहीत, हे पाहणंही ऑफिसचंच काम.

स्वच्छतागृहांत पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हा अन्याय मुंबईतल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने चव्हाट्यावर आणला. दोघांना सारखीच जागा देणंही पुरेसं नाही, कारण तेवढ्या जागेत मुताऱ्या जास्त बसतात, संडास कमी. म्हणून चौरस फूट नव्हे, सीट मोजा. कडी, दिवा, पाणी आणि रात्री कुलूप किती वाजता लागतं, हेही बघा. दिवसभर रस्त्यावर बसणारी भाजीवाली स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने पाणी पीत नाही.

शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला, असं कायदा सांगतो. पण बैठक ऐन धंद्याच्या वेळी ठेवली तर त्या येणार कशा? वेळ त्यांना विचारूनच ठरवा.

नगरसेविकेचं काम असेल तर फोन तिलाच करा, तिच्या नवऱ्याला नको. अधिकाऱ्यांनी एवढं पाळलं तरी पुष्कळ फरक पडेल.

राखीव निधी मार्चपर्यंत पडून राहू देऊ नका, ऑक्टोबरातच आढावा घ्या. पुण्यात 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. अशी सोय असेल तिथे नुसते फॉर्म ठेवून थांबू नका. मुदत संपण्याआधी संध्याकाळी वस्तीत जा आणि लिहिता न येणाऱ्यांच्या मागण्या तिथेच लिहून घ्या.