चवथीला घर बंद करा, ऑर्किडचा पंखा चालू ठेवा

चवथ तोंडावर आली. पणजी-मडगावचे फ्लॅट बंद करून मंडळी मूळ घरी निघतील आणि निघताना सवयीने मेन स्विच खाली ओढतील. ज्यांच्याकडे मास्डेव्हालिया, ड्रॅकुला, रेस्ट्रेपिया अशी थंड हवेची ऑर्किडं आहेत त्यांनी कृपा करून तसं करू नये. माझ्या पाहण्यात गोव्यात ही झाडं उन्हाने कमी आणि कोंडलेल्या हवेने जास्त मेली आहेत. वर्षभर जपलेलं झाड याच चार-पाच दिवसांत जातं आणि दोष पावसाला लागतो.

ही झाडं मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या ढगांतल्या जंगलांतली. कोलंबिया, इक्वेडोर, पेरू इथली, बहुतेक १५०० ते ३००० मीटर उंचीवरची. तिथे रात्री पारा १०-१४ अंशांवर येतो. धुकं असतं, पण ते वाहतं असतं. फांदीवरची मुळं भिजतात आणि वाऱ्याने सुकतात. आपल्याकडे भाद्रपदात पावसाने उघडीप दिली की रात्री २४-२५ अंश, हवेत ओल ठासून भरलेली आणि माडाचं चुडतही हलत नाही. मास्डेव्हालिया-ड्रॅकुलाला पाणी साठवणारा कंद नसतो, शिल्लक काही नसते. उबदार रात्रीत आधीच अशक्त झालेल्या झाडाच्या बुडाशी पाणी साचून राहिलं की कूज धरलीच.

कूज ओळखा. पान वरून हिरवंगार दिसतं, पण देठ बुडाशी चिमटीत धरला की पिचतो, तपकिरी पाणी येतं आणि घाण वास सुटतो. हा जिवाणू आहे, त्यावर बुरशीनाशक चालत नाही. कुजका भाग ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापा. प्रत्येक कापाआधी ब्लेड ज्योतीवर धरा. जखमेवर दालचिनीची पूड लावा आणि दोन-तीन दिवस पाणी बंद ठेवा. दालचिनीचा दाखला माझ्या अनुभवाचा, पुस्तकातला नाही. पानावर सुके काळे ठिपके असतील तर ती बहुधा बुरशी. तिथे मॅन्कोझेब ७५ टक्के हे बुरशीनाशक, लिटरला २ ग्रॅम, सकाळी फवारा. तांबेयुक्त औषध या पातळ पानांवर मी मारू देत नाही, पानं जळतात.

हवा खेळते की नाही हे रात्री दहानंतर पाहा. पेटती उदबत्ती कुंडीच्या उंचीला धरा. धूर सरळ वर गेला तर हवा मेलेली आहे. तो आडवा मोडला पाहिजे, पान जेमतेम थरथरलं पाहिजे. त्यासाठी कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा पुरतो. तो दोन-तीन वॅट खातो, म्हणून १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीवर वीज गेली तरी दिवसभर सहज चालतो. आणि वीज जाणारच, हे धरूनच चला. एसीच्या खोलीत काचेची पेटी ठेवणाऱ्यांनीही पेटीच्या आत पंखा लावावा. महागड्या बंद पेटीत कुजलेली झाडं मी फार पाहिली आहेत.

दुकानदार या दिवसांत कूलर आणि फॉगर, म्हणजे पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र, गळ्यात मारतात. कूलर पाण्याचं बाष्प करून हवा गार करतो. हवेत आधीच नव्वद टक्के ओल असताना तो काय गार करणार? फॉगरने तर बुडाशी आणखी पाणी साचतं. रंगीत बाटलीतलं ‘ऑर्किड टॉनिक’ही नको. ते पैसे बॅटरीत घाला.

बाकी नेहमीची कामं:
– पाणी सकाळीच, दुपारनंतर नाही.
– पाऊस संपण्याआधी पागोळ्यांचं पाणी पिंपांत भरून, झाकून ठेवा. किनाऱ्याकडच्या विहिरीचं खारट पाणी मुळं जाळतं.
– १९:१९:१९ खत लिटरला पाव ग्रॅम, पंधरा दिवसांनी. झाड आजारी असेल तर बंद.
– कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरणार असाल तर दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा, क्षार जाऊ द्या.
– कुंडीतलं स्फॅग्नम मॉस (सुकवलेलं शेवाळ) काळं, चिकट झालं की बदला.
– गोगलगायी रात्री टॉर्च लावून वेचा. काकडीच्या सालीवर त्या गोळा होतात.
– ७५ टक्क्यांची शेडनेट तशीच राहू द्या. ऑक्टोबरचं ऊन अजून यायचं आहे.

चवथीला जाण्याच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नका, दोन दिवस आधी द्या. कुंड्या एकमेकींपासून वीतभर लांब ठेवा. घराचे बाकीचे स्विच बंद करा, पण पंखा ज्या प्लगवर आहे त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे घाईत कुणी तो बंद करणार नाही. किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन एकदा डोकावायला सांगा. पाणी घालायला मात्र सांगू नका. प्रेमापोटी तेच जास्त घातलं जातं.

नवीन झाड आता घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री वीस अंशांच्या आसपास उतरतात, तेव्हा मागवा, आणि सुरुवात उष्णता थोडी सोसणाऱ्या मास्डेव्हालिया फ्लोरिबुंडा किंवा इन्फ्रॅक्टाने करा. रात्रभर एसी चालवणं परवडत नसेल तर ड्रॅकुलाच्या वाटेला जाऊ नका, विकणारा काहीही म्हणो.