रोजची प्रार्थना घरात बसवायची कशी

रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) प्रार्थना आपोआप होते. पेटी वाजत असते, पाळकसाहेब पुढे असतात, शेजारचा डोळे मिटतो म्हणून आपणही मिटतो. सोमवारी सकाळी नाशिकच्या सातपूर-अंबड कारखान्यांतल्या शिफ्टसाठी डबे भरायचे असतात, गॅसवर चहा उतू जात असतो, मुलाची वही सापडत नसते, आणि प्रार्थना ‘रात्री निवांत करू’वर ढकलली जाते. रात्री झोप जिंकते. असे आठ दिवस गेले की मनात अपराधीपणा बसतो आणि माणूस प्रार्थनेपासून आणखी लांब राहू लागतो. यात श्रद्धेची उणीव क्वचितच असते. बहुतेक वेळा वेळ, जागा आणि क्रम ठरलेला नसतो, एवढेच. हे तिन्ही कसे ठरवायचे ते पुढे दिले आहे.

आधी वेळ. पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) एकच तास सक्तीचा नाही. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा (दानीएल ६:१०). येशूबद्दल मार्क १:३५ सांगतो की अगदी पहाटे, अंधार असतानाच उठून तो एकांतात गेला. त्याच्या आदल्या संध्याकाळी अख्खे गाव आजाऱ्यांना घेऊन दारात जमले होते. म्हणजे तो दमलेला होता, तरी उठला. पण ‘पहाटे पाच’ हा नियम जशाच्या तसा उचलू नका. ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते त्यांचा तो नियम तिसऱ्या आठवड्यात मोडतोच. घड्याळाऐवजी रोजच्या एखाद्या कामाला प्रार्थना बांधा: आंघोळीनंतर आणि चहाच्या आधी. रात्रपाळीहून सकाळी घरी आलेल्यालाही आंघोळ आणि चहा असतोच. शेतावर रात्रीच्या विजेवर पाणी भरावे लागत असेल तर मोटर सुरू झाल्यावर बांधावर बसून. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्यांनी गाडीत जागा मिळाली की. द्राक्षबागायतदारांसाठी एक सूचना: ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पहाट फवारणीत जाते. ते दोन-तीन महिने वेळ दुपारच्या जेवणाआधी हलवा आणि घरच्यांना तसे सांगून ठेवा. आधी सांगून हलवलेली वेळ टिकते. नुसती राहून गेलेली वेळ परत येत नाही.

जागेबद्दल थोडक्यात. मत्तय ६:६ मध्ये खोलीत जाऊन दार लावायला सांगितले आहे. एका खोलीच्या घरात भिंतीकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची किंवा गॅलरीतली चटई हीच ती खोली. आजचे लावायचे दार म्हणजे मोबाईल. बायबल मोबाईलवर वाचायची सवय असली तरी या पंधरा मिनिटांत छापील प्रत घ्या आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एक मेसेज दिसला की मन तिकडे गेलेच. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, त्याने काही कमी होत नाही.

सुरुवातीला पंधरा मिनिटेच. अर्ध्या तासाचा संकल्प नवीन वर्षाला फार जोमात होतो आणि संक्रांतीच्या आसपास थंडीत विरतो. पहिली दोन मिनिटे गप्प बसा. मनात विजेचे बिल, साहेबाचे बोलणे, काहीही येईल, येऊ द्या. पाच मिनिटे वाचन, सहा मिनिटे स्वतःच्या शब्दांत प्रार्थना आणि शेवटची दोन मिनिटे प्रभूची प्रार्थना (‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’) सावकाश.

वाचन कुठून सुरू करायचे? बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून नको. उत्पत्ती सरसर जाते, पण निर्गमच्या उत्तरार्धात निवासमंडपाची मापे आणि लेवीयमध्ये अर्पणांचे नियम लागले की नवा वाचक तिथेच थांबतो. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. १६ अध्याय आहेत, रोज अर्धा घेतला तर महिनाभरात पूर्ण होतो. त्यानंतर स्तोत्रसंहिता, रोज एक स्तोत्र. ११९वे स्तोत्र मात्र एका बैठकीत घेऊ नका. त्यात १७६ ओळी आहेत, आठ-आठ ओळींची २२ कडवी. रोज एक कडवे घ्या. वाचून झाले की एक ओळ निवडा आणि तीच प्रार्थनेची पहिली ओळ करा. ‘काय बोलू सुचत नाही’ ही तक्रार याने अर्धी तरी मिटते.

आता मुख्य गोष्ट. एका शिष्याने ‘आम्हाला प्रार्थना करायला शिकव’ म्हटले तेव्हा येशूने प्रभूची प्रार्थना दिली. आपण ती वीस सेकंदांत संपवतो. तिचा उपयोग साच्यासारखा करा: प्रत्येक ओळीवर थांबायचे आणि आजचे काहीतरी त्या ओळीत घालायचे. पहिल्या तीन ओळींत आपले काहीच नाही. त्याचे नाव, त्याचे राज्य, त्याची इच्छा. मागण्यांची यादी घेऊन आलेल्याला हा क्रम नेमका आडवा येतो, आणि यावाच. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणताना ज्या निर्णयात आपली इच्छा घट्ट धरून बसलो आहोत तो निर्णय नावाने उच्चारा: मुलीचे स्थळ, नोकरीतली बदली, विकायला काढलेली जमीन. मग भाकर. ‘रोजची’ आणि ‘आज’ हे दोन शब्द नीट ऐका. कंत्राटावर काम करणाऱ्याला आणि वर्षातून एकदाच बागेचे पैसे हाती येणाऱ्याला ही ओळ सर्वांत कठीण जाते, कारण दोघांचेही मन पुढच्या सहा महिन्यांत असते. आजच्या दिवसाला लागेल तेवढेच मागा. आणि भाकर ‘आमची’ आहे, ‘माझी’ नाही. शेजारच्या घरी काय शिजले असेल हेही त्यात येते.

पुढची ओळ क्षमेची. प्रार्थना संपल्यावर येशूने याच एका ओळीचे स्पष्टीकरण पुन्हा दिले (मत्तय ६:१४-१५), इतर कुठल्याच ओळीचे नाही. म्हणून इथे मोघम बोलू नका. बांधावरून अबोला असलेल्या चुलतभावाचे नाव घ्या. मत्तय ५:२३-२४ तर सांगते की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. कधीकधी त्या दिवसाची खरी प्रार्थना म्हणजे उठून एक फोन करणे.

शेवटाबद्दल एक बारीक गोष्ट. प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव’ हा भाग जोडून म्हणतात, कॅथलिक घरात प्रार्थना ‘वाइटापासून सोडव’ इथे थांबते. लग्नघरी किंवा मयताच्या घरी दोन्हीकडची माणसे जमतात आणि अर्धे थांबतात, अर्धे पुढे जातात. पुढाकार घेणाऱ्याने आधीच सांगून टाकावे.

मागण्यांसाठी शंभर पानी वही करा. तीन रकाने: तारीख, मागणी, काय झाले. वार वाटून घ्या, म्हणजे एकाच दिवशी पन्नास नावांची धावपळ होत नाही. सोमवारी घर, मंगळवारी नातेवाईक, बुधवारी आजारी, गुरुवारी मंडळी आणि पाळक, शुक्रवारी शहर व अधिकारी (१ तीमथ्य २:१-२ तसे सांगतेच), शनिवारी ज्यांच्याशी पटत नाही ते. रविवारी काही मागायचे नाही, फक्त उपकारस्तुती. एका दिवशी पाच-सहा नावे पुरेत. ‘सर्व आजाऱ्यांना बरे कर’ यात कोणीच दिसत नाही. ‘उद्या दहा वाजता मावशीची ॲन्जिओग्राफी आहे, तिची भीती काढ’ यात माणूस समोर येतो. दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पूर्ण नावाने लिहू नका, एक अक्षर ठेवा. महिला मंडळात ‘प्रार्थनेसाठी सांगते’ म्हणून उघड झालेली घरातली भांडणे संध्याकाळपर्यंत शरणपूरच्या सगळ्या ख्रिस्ती वस्तीत होतात, आणि ज्याच्यासाठी प्रार्थना मागितली तो मंडळीत यायचा थांबतो. महिन्याच्या शेवटी वही मागून वाचा. काही मागण्यांपुढे ‘झाले’ लिहाल. काही मागण्या तुम्हीच बदललेल्या दिसतील. तिसरा रकाना रिकामा राहिलेल्याही पुष्कळ असतील. त्या खोडू नका.

कौटुंबिक प्रार्थना वेगळी गोष्ट आहे, तिचे नियमही वेगळे. रात्री जेवणाआधी, दहा ते बारा मिनिटे. जेवणानंतर ठेवली की मुले पेंगतात. एक कडवे गाणे, आठ-दहा ओळींचे वाचन, प्रत्येकाची एकेक वाक्याची प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. गाण्यासाठी पेटी हवीच असे नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंगाच्या वळणाची ख्रिस्ती भजने लिहिली, ती टाळावर किंवा नुसत्या टाळीवर चालतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, तेव्हा हे वळण आपल्याला परके नाही. वाचन पाळीने द्या. सात-आठ वर्षांचे मूल अडखळले तरी मध्ये दुरुस्त करू नका.

घरची प्रार्थना दोन कारणांनी मोडते. एक, वडीलधाऱ्यांची वीस मिनिटांची प्रार्थना. दुसरे याहून वाईट: देवाशी बोलतोय असे दाखवून घरातल्याला सुनावणे. ‘प्रभू, या घरातल्या काही जणांना उशिरा उठण्याच्या सवयीतून सोडव’ असे म्हटले की सून डोळे मिटूनही ऐकते, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला नेमके त्याच वेळी स्वयंपाकघरात काम निघते. जे बोलायचे ते समोरासमोर, प्रार्थनेबाहेर बोला. ख्रिस्ती नसलेले पाहुणे आले तर प्रार्थना गुपचूप रद्द करू नका आणि त्यांना डोळे मिटायला लावूही नका. ‘आमची दहा मिनिटांची प्रार्थना आहे, बसा’ एवढे पुरते.

कॅथलिक घरांत याच वेळी जपमाळ होते: पाच दशके, दर दशकात एक ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, दहा ‘नमो मरिया’ आणि एक पित्याला-पुत्राला गौरव. पंधरा ते वीस मिनिटे लागतात. लहान मुले असतील तर आठवड्याच्या दिवशी एकच दशक म्हणा आणि पाच दशके रविवारी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जाणाऱ्यांनी हे दशक यात्रेनंतरही सोडू नये. यात्रेत मागितलेले घरी येऊन रोज पुढे चालवायचे असते.

आजारपणात याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडीलजनांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करा आणि बीपी-शुगरच्या गोळ्या वेळेवर घ्या. गोळी बंद करणे ही विश्वासाची खूण नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास-प्रार्थना करू नये. त्याने त्या दिवशी टीव्ही आणि मोबाईलचा उपवास करावा.

मन कोरडे पडण्याचे दिवस येतात. तेव्हा स्वतःचे शब्द जुळवत बसू नका, १३वे किंवा १३०वे स्तोत्र मोठ्याने वाचा. फारच अंधार असेल तर ८८वे. ते शेवटपर्यंत अंधारातच राहते, तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. आवाजही फुटत नसेल तर पंधरा मिनिटे नुसते बसा. अशा वेळी आत्मा शब्दांवाचूनच्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे रोमकरांस ८:२६ सांगते.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तीस मिनिटे करून भरपाई करू नका. वही उघडा, कालच्या तारखेची ओळ कोरी सोडा आणि आजची तारीख घाला.